आजोबांच्या पेटींतील पदकें

महाराष्ट्रांतील कित्येक गांवीं एक लहानशी संगमरवरी शिला आढळते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास त्या गांवांतून किती पुरुष गेले व किती कामास आले, एवढेंच तीवर कोरलेलें असतें. नांवें बहुधा नसतात. शिला आंकडा राखते. मनुष्याचें स्मरण राखणें हें घराचें कर्तव्य होय.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणीबरोबर इटलींत होते. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनीं गोळ्यांच्या वर्षावांत दोघां जखमी सोबत्यांस खोल पाण्यांतून पार नेलें व व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला, ही हकीकत ते अभिमानानें सांगत. स्वतःविषयीं मात्र अवाक्षर काढीत नसत. पहांटे उठून ते आम्हां नातवंडांचे बूट पुसून ठेवीत, आणि पावसाळ्यांत आम्हांस खांद्यावर घेऊन ओढ्यापार शाळेस पोंचवीत. “आजोबा, आपण तेथें काय सोसलेंत?” हें मीं त्यांस कधींच विचारलें नाहीं. आतां पेटींत पदकें आहेत, सांगणारा नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरीं १९६५ वा १९७१ च्या युद्धांतील कोणी वृद्ध शिपाई असेल, तर आजच त्यांच्याजवळ बसा, विचारा व वहींत लिहून ठेवा. पालकहो, आपणही ऐकावयास बसा.