कसरतीची मोटारसायकल

गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका वाचक गृहस्थांचें दीर्घ पत्र आमच्याकडे आलें. त्यांचें घर मोठें आहे. तीन भावांचीं कुटुंबें एकाच चुलीवर जेवतात. मधल्या भावाचे चिरंजीव एकवीस वर्षांचे असून अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्गांत आहेत, व त्यांस मोटारसायकलीवरील कसरती शिकावयाच्या आहेत. पुढचें चाक उचलून गाडी मागच्या एकट्या चाकावर चालवावयाची, हिला हीं मुलें 'व्हीली' म्हणतात. पुढचा ब्रेक दाबून मागचें चाक उचलावयाचें, ही 'स्टॉपी'. आणि गाडी जागच्या जागीं रोखून मागचें चाक धूर निघेपर्यंत फिरवावयाचें, हा 'बर्नआउट'. घरांतील आजींचा साफ नकार आहे, मुलाच्या वडिलांचा अर्धा होकार आहे, आणि पत्रलेखक घरचे कर्ते या नात्यानें विचारतात कीं, गाडी घ्यावयाचीच झाली तर ती कोणती घ्यावी व कशी तयार करावी. पत्राच्या शेवटीं एक लहानशी ओळ आहे : "धाकटा पुतण्या पंधरा वर्षांचा असून तो सदैव दादाच्या मागें असतो." ह्या ओळीकडे आम्हांस पुन्हां यावें लागेल.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मुलानें जी गाडी मागितली आहे, तीवर तो सकाळीं कॉलेजांत जाणार, सायंकाळीं भाजी आणणार, आणि रविवारीं कसरत करणार. आमच्या मतें सर्व घोटाळा येथेंच आहे. कसरतीची गाडी व रस्त्याची गाडी ह्या दोन अगदीं भिन्न वस्तु आहेत. गाडी कसरतीस जसजशी योग्य होत जाते तसतशी ती रस्त्यास अयोग्य होत जाते. हें समजण्यास ती कशी तयार करतात हें थोडें तपशिलानें पाहिलें पाहिजे.

हा नाद मूळचा परदेशांतील, व त्याचें आजचें रूप मुख्यतः अमेरिकेंत घडलें. १९८४ सालीं डग डोमोकोस नांवाच्या अमेरिकन स्वारानें टॅलाडेगा येथील शर्यतीच्या मार्गावर १४५ मैल एका चाकावर गाडी चालविली. त्याची मोटारसायकल थांबली ती पेट्रोल संपल्यामुळें. पुढें १९९१ सालीं जपानच्या यासुयुकी कुडो ह्यानें ३३१ किलोमीटरचें अंतर असेंच तोडलें, आणि त्याची गाडी होती अवघी सुमारें २२० सी.सी.ची होंडा, तीहि शर्यतीची नव्हे तर खडकांवरून सावकाश चढण्याउतरण्याच्या 'ट्रायल्स' खेळाची. ही दुसरी गोष्ट चिरंजीवांनीं वहींत लिहून ठेवावी, कारण गाडी निवडतांना बहुतेक तरुण चुकतात ते ह्याच ठिकाणीं : त्यांस वाटतें कीं मोठें एंजिन म्हणजे मोठी कसरत.

वास्तविक १००० सी.सी.च्या गाडीची शक्ति कसरत शिकणारास वैरीण आहे. अॅक्सिलरेटर किंचित् अधिक पिळला गेला कीं पुढचें चाक हवें त्याहून दुप्पट वेगानें वर येतें व स्वार मागें आपटतो. म्हणूनच अमेरिकेंतील कसरतपटूंनीं २००० नंतरच्या दशकांत ६०० सी.सी.च्या सुमाराच्या गाड्या पसंत केल्या. होंडाची सी.बी.आर. ६०० एफ-४-आय ही २००१ सालीं निघालेली गाडी, आणि कावासाकीची २००३ ते २००६ ह्या वर्षांतील ६३६ सी.सी.ची निंजा, ह्या दोहोंचें नांव त्यांच्या तोंडीं सारखें असे. त्या अत्यंत वेगवान् होत्या म्हणून नव्हे. त्या पडून उठत, त्यांचे भाग मुबलक व स्वस्त मिळत, आणि एंजिन आडवेंतिडवें होऊनहि लवकर बिघडत नसे म्हणून. कसरतीची गाडी निवडतांना पहिला प्रश्न 'किती धांवते' हा नसून 'किती वेळां पडूं शकते' हा होय. चार वेळां जगज्जेता ठरलेला जर्मनीचा क्रिस फायफर (तो २०२२ सालीं वारला) हाहि मूळचा ट्रायल्सचा स्वार होता, आणि तोल संभाळण्याची विद्या त्यानें तेथेंच मिळविली.

आपल्या इकडे ६०० सी.सी.ची परदेशी गाडी आणणें म्हणजे घरचें एखादें लग्नकार्य उरकण्याइतका खर्च. त्याची कांहींएक गरज नाहीं. पुण्याशेजारीं चाकण येथें बजाजच्या कारखान्यांत तयार होणारी के.टी.एम.ची ड्यूक २००, जी २०१२ सालीं आपल्या बाजारांत आली, ती वजनानें हलकी असून शिकावयास पुरेशी आहे. स्लोव्हेनियाचा प्रसिद्ध कसरतपटु रोक बागोरोश हा ह्याच ड्यूक मालिकेंतील लहान गाड्यांवरहि खेळ करीत आलेला आहे. गाडी नवी कोरी घेऊं नये. जिचें प्लॅस्टिक फुटलें आहे, जिच्या टाकीला पोंचा आला आहे, पण जिचा सांगाडा सरळ व एंजिन निरोगी आहे, अशी जुनी गाडी शोधावी. सांगाडा वांकडा असेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊं नये.

आतां तिची तयारी. सर्वांत महत्त्वाचा फेरबदल मागच्या स्प्रॉकेटचा. साखळीच्या पुढच्या चक्रास समजा १५ दांते आहेत व मागच्यास ४५. म्हणजे पुढचें तीनदां फिरतें तेव्हां मागचें एकदां. मागें ६० दांत्यांचें चक्र बसविलें कीं हेंच प्रमाण चारास एक होतें. परिणाम असा कीं एंजिनाच्या त्याच फेऱ्यांत गाडी पूर्वींच्या तीन-चतुर्थांश वेगानेंच जाते, परंतु मागच्या चाकाचा जोर एक-तृतीयांशानें वाढतो. पुढचें चाक मग सहज उचलतें, आणि माणसाच्या धांवण्याइतक्या मंद गतींतहि वर राहूं शकतें. वेग कमी म्हणजे पडणें सौम्य. शिकणाराच्या दृष्टीनें हा लाभ फार मोठा आहे. साखळी अर्थातच लांब घ्यावी लागते.

दुसरा फेरबदल हाताच्या ब्रेकचा. मागचा ब्रेक हा व्हीलीचा खरा लगाम आहे. चाक वर नेण्याचें काम एंजिन करतें, पण तें अति वर जाऊं लागलें, म्हणजे गाडी स्वारासह मागें उलटावयाच्या बेतांत आली, तर तिला खालीं आणतो तो मागचा ब्रेकच; धांवतें मागचें चाक अडविलें कीं वरचा सारा भार पुढें झोंक घेतो. ह्यासाठीं नवशिक्यानें चाक उचलण्यापूर्वींच उजवा पाय ब्रेकवर ठेवण्याची संवय केली पाहिजे. आठवडाभर दुसरें कांहीं न करतां एवढेंच केलें तरी तो वेळ वायां गेला असें समजूं नये. पण पुढें स्वार जेव्हां टाकीवर बसतो किंवा बैठकीवर उभा राहतो, तेव्हां त्याचा पाय ब्रेकवर कोठून असणार? म्हणून डाव्या हातास, क्लचच्या दांडीखालीं, मागच्या ब्रेकची दुसरी दांडी बसवितात; तिला स्वतंत्र मास्टर सिलिंडर व बहुधा स्वतंत्र कॅलिपरहि असतो. हें काम ओळखीच्या पण हौशी मेकॅनिककडून करवूं नये. ब्रेकच्या नळींत हवेचा एक बुडबुडा राहिला तर ऐन वेळीं दांडी पोकळ लागते, आणि तो ऐन वेळ म्हणजे पाठ जमिनीस लागण्याचा क्षण असतो.

बाकीचे फेरबदल थोडक्यांत सांगतां येतील. एंजिनाभोंवतीं लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवितात, म्हणजे गाडी पडली तरी एंजिन फुटत नाहीं. मागें शेपटीखालीं एक भक्कम दांडा लावतात; गाडी घड्याळांतील बाराच्या कांट्यासारखी सरळ उभी झाली कीं तो जमिनीस टेकतो व तिला उलटूं देत नाहीं. मागच्या टायरांतील हवा नेहमींच्या निम्म्यावर आणतात. पुढचे फोर्क कडक करतात, कारण उचललेलें चाक दरवेळीं आपटतच खालीं येतें. गाडी उभी असतां एंजिन ज्या गतीनें चालतें ती गति वाढवितात. लांबलेल्या व्हीलींत एंजिनाचें तेल मागच्या बाजूस जमून पंप कोरडा पडण्याचा संभव असतो, म्हणून तेलाची पातळी दररोज पाहिली पाहिजे. आणि इतक्या मंद गतींत वारा लागत नसल्यानें पाणी थंड ठेवणाऱ्या पंख्यास हातानें चालविण्याचें बटण लावतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.वरील प्रत्येक नव्या मोटारसायकलीस ए.बी.एस. सक्तीचें झालें आहे. कसरत करणारे तें बंद करतात, कारण एक चाक अधांतरीं व एक जमिनीवर असतां दोहोंच्या गतींतील फरकानें तें साधन गोंधळतें.

आतां हीच गाडी कर्वे रस्त्यावर नेली आहे अशी कल्पना करावी. हवा उतरलेलें मागचें टायर वळणावर गाडीस हेलकावे देतें. मोठ्या स्प्रॉकेटमुळें हमरस्त्यावरील साध्या वेगासहि एंजिन किंचाळत असतें. अॅक्सिलरेटर सोडला तरी वाढविलेल्या गतीमुळें गाडी पुढें सरकतच राहते; आणि पावसांत अचानक ब्रेक दाबावा लागला तर ज्या साधनानें चाक घसरूं दिलें नसतें तें आपणच बंद केलेलें आहे! कायदाहि येथें स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल वाहनांत करण्यास मनाई आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावर एका चाकावर गाडी चालविणारास १८४ वें कलम, धोकादायक रीतीनें वाहन चालविण्याचें, लागू होतें. तिसरा मनुष्य, जो बिचारा दूध घेऊन रस्ता ओलांडीत होता, त्याची बाजू तर कोणत्याहि कलमावांचून समजण्यासारखी आहे.

म्हणून आमचें उत्तर असें : कॉलेजास जाण्याची गाडी जशी आहे तशीच राहूं द्यावी, तिला एक स्क्रूहि लावूं नये. कसरतीसाठीं वेगळी, जुनी, स्वस्त गाडी घ्यावी, आणि ती चाकांवर चालत घराबाहेर पडूं नये. टेंपोंतून बंदिस्त मैदानावर जावी व टेंपोंतूनच परत यावी. मैदान मालकाच्या लेखी परवानगीचें असावें. टेंपोचें भाडें, मैदानाची सोय व बरोबर एका जाणत्या माणसाची हजेरी ह्या तीन गोष्टी चिरंजीव स्वतः जमवूं शकत असतील तर त्यांचा नाद खरा आहे असें समजण्यास हरकत नाहीं. संपूर्ण चेहरा झांकणारें हेल्मेट, पाठीचें कवच, गुडघ्याकोपरांचीं कवचें व घोट्यावरचे बूट ह्यांचा खर्च गाडीच्या किंमतींतच धरावा. तो वेगळा धरला कीं पुढें ढकलला जातो.

राहिला धाकटा. २०१९ च्या दुरुस्तीनें त्याच कायद्यांत १९९-अ हें कलम आलें. अल्पवयी मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, त्या गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द होते, आणि त्या मुलास वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. एकत्र कुटुंबांत गाडी काकांच्या नांवें, किल्ली दिवाणखान्यांतील खुंटीवर, आणि मुलगा तिसऱ्याचा, अशी स्थिति असते. तेव्हां जबाबदारी कोणाची हा वाद घरांत होण्यापूर्वींच किल्ली कोठें राहणार तें ठरवावें. खुंटीवर तर ती नसावीच. आमची सूचना अशी कीं ती आजींच्या कपाटांत असावी. दादास ती मागावयास संकोच वाटणार नाहीं, आणि धाकट्यास मागण्याचें धैर्य होणार नाहीं.

पत्रलेखकांनीं जातां जातां आजींचा एक प्रश्नहि कळविला आहे, तो असा कीं, एवढे पैसे घालून घेतलेल्या गाडीवर निदान आळंदीला तरी जातां येईल काय? आजींस आमचा नमस्कार सांगून कळवावें कीं येणार नाहीं. तिच्यावर मागें बसावयास जागाच नसते, तेथें तो दांडा असतो.