काळोखातली दृष्टी आणि ताटातले अन्न



ब्रिटनमध्ये डिसेंबरात दुपारचे चार वाजतात न वाजतात तोच काळोख दाटू लागतो. उजेडाच्या खोलीतून अशा वेळी बाहेर आले की क्षणभर काहीच दिसत नाही. मग हळूहळू कुंपण, झाड, पायवाट आकार घेऊ लागतात. डोळ्याची बाहुली मोठी होते, हे त्याचे आपल्याला ठाऊक असलेले कारण. परंतु ते अपुरे आहे. बाहुली काही सेकंदांत विस्फारते आणि त्यामुळे आत येणारा प्रकाश फार तर सोळा पट होतो. काळोखाला सरावलेल्या डोळ्याची संवेदनशीलता मात्र हजारो पटींनी वाढते, आणि त्याला सुमारे अर्धा तास लागतो. या अर्ध्या तासात काय घडते, ते आज पाहू.

दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख. रंग आणि बारकावे त्यांच्यामुळे कळतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दंडाकार पेशी सुमारे १२ कोटी. त्यांना रंग कळत नाहीत, पण अंधुक प्रकाश त्याच टिपतात. किती अंधुक? १९४२ साली हेश्ट, श्लेअर आणि पिरेन या संशोधकांनी दाखवून दिले की, दृष्टिपटलाने अवघे ५ ते १४ प्रकाशकण शोषले तरी माणसाला चमक जाणवते. हे कण सुमारे ५०० पेशींवर विखुरलेले असल्याने एकाच पेशीवर दोन कण पडण्याची शक्यता नगण्य होती. म्हणजे एका दंडाकार पेशीला एक प्रकाशकण पुरतो.

हे कसे साधते? या पेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते. त्यातील प्रथिनाच्या पोटात रेटिनल नावाचा वाकलेला रेणू बसलेला असतो. प्रकाशकण आदळताच तो सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि एकातून अनेक अशा रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते. गंमत अशी की, अंधारात या पेशीत विद्युत्प्रवाह अखंड चालू असतो आणि प्रकाश पडल्यावर तो घटतो. आम्हा संगणकाच्या क्षेत्रातल्या माणसांना हे उलटे वाटते. पण मेंदू संदेश वाचतो तो या घटण्यातूनच.

या क्षमतेची किंमतही आहे. १२ कोटी दंडाकार पेशींचे संदेश डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या सुमारे दहा लाख तंतूंवर एकवटतात. म्हणून चांदण्यात माणूस दिसतो, पण पुस्तकातली अक्षरे लागत नाहीत. दृष्टिपटलाच्या ऐन केंद्रात तर या पेशी नसतातच. स्वतःच पडताळून पाहा : एखाद्या अंधुक ताऱ्याकडे रोखून पाहिले की तो नाहीसा होतो, नजर किंचित बाजूला वळवली की पुन्हा दिसतो.

आता त्या अर्ध्या तासाकडे वळू. सरळ झालेला रेटिनल प्रथिनापासून सुटतो, शेजारच्या थरात जाऊन पुन्हा वाकवला जातो आणि परततो. हा साठा भरून निघेपर्यंत आपण चाचपडतो. हा रेटिनल येतो जीवनसत्त्व ‘अ’ पासून. ते दृष्टिपटलात असल्याचे जॉर्ज वाल्ड यांनी १९३३ मध्ये शोधले. १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आपले शरीर हे जीवनसत्त्व मुळातून तयार करू शकत नाही. ते यकृत, अंडी, दूध यांतून मिळते, किंवा शेवग्याचा पाला, पालेभाज्या, गाजर, आंबा, पपई यांतील रंगद्रव्यापासून बनते. आणि अंगी लागायला जेवणात थोडे तेल-तूपही लागते.

म्हणूनच ताटातला अभाव प्रथम काळोखात प्रकट होतो. दिवसा नीट खेळणारे मूल दिवेलागणीला अडखळू लागते. हाच रातांधळेपणा. इंडोनेशियात त्याला ‘कोंबडीचे आंधळेपण’ अशा अर्थाचा शब्द आहे, कारण कोंबडीलाही सांजावल्यावर दिसत नाही. तेथे काम करणाऱ्या आल्फ्रेड सॉमर यांना आढळले की, तो शब्द वापरून आईला साधा प्रश्न विचारला तर तिचे उत्तर भरवशाचे ठरते. पुढे १९८३ मध्ये त्यांनी दाखवले की, रातांधळेपणासारखी सौम्य लक्षणे असलेल्या मुलांचा मृत्युदर इतर मुलांच्या सरासरी चौपट होता. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आचे प्रांतातील चाचणीत, जीवनसत्त्वाचे डोस दिलेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळले. नंतरच्या चाचण्यांत हा परिणाम कमी-अधिक दिसला. परंतु प्रश्न केवळ डोळ्यांचा नाही, हे स्पष्ट झाले.

भारतात १९७० पासून बालकांना हे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आज नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस दिले जातात. ते मोजूनमापूनच द्यायचे असतात, कारण अतिरेक अपायकारक ठरतो. गरोदरपणात तर विशेषच.

आपण दूर देशी राहतो, पण गावाकडे फोन रोज होतो. “पोरगं संध्याकाळी धडपडतं हल्ली,” असे कुणी सहज बोलून गेले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याच आठवड्यात मुलाला आरोग्य केंद्रात दाखवायला सांगावे, आणि घरात भाजी, अंडी, दूध कितपत येते याचीही चौकशी करावी.