बदलापूर-उल्हासनगरच्या मुलांची मे महिन्याची सुट्टी आणि परदेशातला ट्रेक : घोळ नेमका कुठे होतो?

एप्रिल उजाडला की बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टूरच्या जाहिराती फिरायला लागतात. दुबई, सिंगापूर, थायलंड ही नेहमीची नावं. पण घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना आता मॉल आणि थीम पार्कचं फारसं कौतुक राहिलेलं नाही. रील बघून कुणाला फुजी चढायचाय, कुणाला स्वित्झर्लंडमध्ये सायकल चालवायचीय, कुणी थेट एव्हरेस्ट बेस कॅम्पचं नाव घेतं. आईवडिलांनाही हे बरंच वाटतं, कारण नाहीतर महिनाभर मोबाइल आणि कूलर.

मग चर्चा सुरू होते ती पैशांची. पैशांचा प्रश्न मोठा आहेच, पण अशा सहली फसतात त्या बहुतेक वेळा तारखांमुळे.

आपला उन्हाळा वेगळा, त्यांचा वेगळा

राज्य मंडळाच्या शाळांना साधारण २ मेपासून सुट्टी लागते आणि जूनच्या मध्यावर शाळा पुन्हा भरतात. पूर्वी परीक्षा लवकर संपायच्या, त्यामुळे एप्रिलचे दोन आठवडे हाताशी असायचे. २०२५ मध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या आणि तेही गेलं. म्हणजे हातात उरतो मे महिना आणि जूनचा पहिला आठवडा.

आता युरोपकडे बघू. आल्प्समधला उन्हाळा जूनच्या उत्तरार्धात सुरू होतो. मे महिन्यात दोन हजार मीटरच्या वरच्या बऱ्याच पायवाटांवर बर्फ असतो आणि अनेक केबल कार देखभालीसाठी बंद असतात. माँ ब्लाँला वळसा घालणारा प्रसिद्ध ट्रेक साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत चालतो. जपानच्या फुजीवर चढाईचा अधिकृत मोसम जुलै ते सप्टेंबरची सुरुवात एवढाच असतो. म्हणजे तिकडचे डोंगर उघडतात तेव्हा बदलापूरच्या मुलांच्या वह्यांना कव्हर घालून झालेलं असतं.

ब्रोशरवर 'समर स्पेशल' लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. बसमधून उतरून फोटो काढायला मे महिना चालतो. चालायला, चढायला, सायकल चालवायला तो अनेक ठिकाणी चालत नाही. दुबईचं उलटं आहे. उल्हासनगरच्या कित्येक सिंधी कुटुंबांचे नातेवाईक तिकडे आहेत, राहायची सोय होते, पण मे महिन्यात दुपारी बाहेर पडणं म्हणजे बदलापूरच्याच उन्हात तिकीट काढून जाणं.

मग मे महिन्यात जमतं कुठे?

पहिलं नाव नेपाळ. मार्च ते मे हा तिथला पावसाळ्याआधीचा ट्रेकिंगचा मोसम. मेच्या उत्तरार्धात ढग वाढतात, त्यामुळे सुट्टी लागल्या लागल्या निघालेलं बरं. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलांसाठी पोखराजवळचा घोरेपानी-पून हिल हा ट्रेक सोयीचा. पून हिलची उंची ३,२१० मीटर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळपास दुप्पट. पण मुक्काम त्याखाली घोरेपानीला होतो आणि वाटेत गावं, चहा, डाळभात मिळत राहतं. एव्हरेस्ट बेस कॅम्प आहे ५,३६४ मीटरवर. रीलमध्ये तिथे पोहोचलेला क्षण दिसतो, वाटेत डोकं धरून बसलेले दिवस दिसत नाहीत. या वयाच्या मुलांचा पहिला ट्रेक म्हणून ते नाव बाजूला ठेवलेलंच चांगलं.

नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सक्तीचा केला. अंमलबजावणी सगळीकडे सारखी कडक नाही, पण मुलं सोबत असताना यात पैसे वाचवायला जाऊ नये. परतीच्या तारखेत एक-दोन दिवस मोकळे ठेवणंही गरजेचं आहे. सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनात काठमांडूचा विमानतळच बंद झाला होता आणि प्रवासी अडकून पडले होते.

भूतानमध्ये पारोजवळचा 'टायगर्स नेस्ट' मठ ३,१२० मीटरवर आहे. एका दिवसाची चढाई, मुलांना झेपते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, परमिट लागतं आणि माणशी रात्रीला १,२०० रुपये शुल्क भरावं लागतं. दोन मोठे, तेरा आणि चौदा वर्षांची दोन मुलं, पाच रात्री, म्हणजे नुसत्या या शुल्काचेच २४ हजार. हा आकडा कित्येकदा हॉटेल बुक झाल्यावर कळतो.

समुद्र आणि डोंगर दोन्ही हवं असेल तर बाली. तिथला कोरडा मोसम मेच्या सुमारास सुरू होतो. माउंट बातूर १,७१७ मीटरचा, म्हणजे कळसूबाईपेक्षा किंचित उंच, आणि पहाटे चढून सूर्योदय बघून खाली येता येतं. युरोपच हवं असेल तर उंच डोंगरांचा हट्ट सोडून तळी, नदीकाठ, समुद्रकिनाऱ्यावरच्या पायवाटा निवडाव्यात. मे महिन्यात तिथली हवा चालायला छान असते.

बारा वर्षं पूर्ण झाली की काय बदलतं?

बरंच काही. शेंगेन व्हिसाचं शुल्क ११ जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो झालं. सहा ते बारापेक्षा कमी वयाच्या मुलांना ते ४५ युरो आहे. बारावा वाढदिवस झाला की मूल व्हिसाच्या हिशेबात प्रौढ होतं, शुल्क पूर्ण लागतं आणि बोटांचे ठसे द्यायला त्याला स्वतः जावं लागतं. म्हणजे बदलापूरहून लोकलने मुंबईला फेरी, बहुधा शाळा बुडवून.

चौघांचं शुल्क ३६० युरो. एका युरोला शंभर रुपये धरले तरी ३६ हजार, अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत मिळत नाहीत. २०२४ मध्ये भारतीयांचे १ लाख ६५ हजारांहून जास्त शेंगेन अर्ज नाकारले गेले, म्हणजे दर शंभरात साधारण पंधरा.

उल्हासनगरसारख्या शहरात हा मुद्दा जास्त बोचतो. इथे जीन्सच्या कारखान्यांपासून फर्निचरच्या दुकानांपर्यंत छोटा धंदा मोठा आहे आणि व्यवहार बराचसा रोखीत. पैसा असतो, कागद नसतो. व्हिसा अधिकारी बघतो ते बँकेचं स्टेटमेंट आणि आयकर रिटर्न. अर्जाच्या आधी आठवडाभर खात्यात अचानक मोठी रक्कम आली तर संशय वाढतो. नोकरदारांकडे निदान पगाराची स्लिप आणि रजा मंजुरीचं पत्र असतं.

अर्ज सहलीच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मेच्या सहलीसाठी म्हणजे नोव्हेंबरपासून. बहुतेक जण मार्चमध्ये जागे होतात आणि तेव्हा अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही.

पासपोर्टची पाच वर्षं

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, लहान मुलांचा साधारण पाच. आईवडील स्वतःचा पासपोर्ट बघून निश्चिंत होतात आणि आठव्या वर्षी काढलेला मुलाचा पासपोर्ट तेराव्या वर्षी संपलेला असतो. अनेक देशांना प्रवासाच्या दिवशी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. नव्या पासपोर्टसाठी दोन्ही पालकांच्या सहीचं संमतीपत्र लागतं. वडील आखातात नोकरीला असतील तर ती सही मिळवायलाच वेळ जातो. एकच पालक मुलांना घेऊन निघणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ असावं.

नेपाळला विमानाने जाताना आणखी एक गफलत होते. व्हिसा नाही म्हणून लोक आधार कार्ड घेऊन विमानतळावर पोहोचतात. आधार चालतं ते १५ वर्षांखालील मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. आईवडिलांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्रच लागतं. तिकीट काढताना विमानतळाचं नावही नीट वाचावं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडतात. जाताना एक आणि येताना दुसरा विमानतळ, असंही होऊ शकतं.

विम्यातली बारीक अक्षरं

शेंगेनसाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. नेपाळ-भूतानला तशी सक्ती नाही, म्हणून तो काढलाच जात नाही. काढला तरी साध्या प्रवास विम्यात ठरावीक उंचीवरचा ट्रेक, राफ्टिंग, झिपलाइन बहुतेक वेळा धरलेलं नसतं. डोंगरातून हेलिकॉप्टरने खाली आणायची वेळ आली तर खर्च लाखांत जातो. वर नेपाळमध्ये गरज नसताना रुग्णाला हेलिकॉप्टरमध्ये बसवून बिलं लावल्याचे प्रकार घडले होते आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने त्याची चौकशी केली होती. त्यामुळे किती मीटरपर्यंत संरक्षण आहे आणि हेलिकॉप्टरचं बिल कोण भरणार, हे दोन प्रश्न एजंटला लेखी विचारावेत.

उंचीचा नियम सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या दिवशीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त वर नको. डोकं दुखतंय, मळमळतंय असं मूल म्हणालं तर वर चढायचं नाही, त्रास वाढला तर खाली उतरायचं. या वयाची मुलं मित्रांसमोर त्रास लपवतात, हे पालकांनी गृहीत धरावं.

तयारीच्या बाबतीत मात्र या तिन्ही शहरांसारखी सोय मुंबईतल्या मुलांना नाही. अंबरनाथ तालुक्यातला मलंगगड दारात आहे. दर्ग्यापर्यंतच्या पायऱ्या पाठीवर पिशवी घेऊन न थांबता चढता आल्या की अर्धी परीक्षा पास. नंतर नेरळहून चालत माथेरान. बदलापूर-वांगणीच्या मागे दिसणारा चंदेरी मात्र सरावाला नको, त्याचा वरचा भाग अवघड आहे. हे सगळं जानेवारी ते मार्चमध्ये, पहाटे. नवे बूटही तेव्हाच वापरायला काढावेत. विमानतळावर पहिल्यांदा घातलेले बूट दुसऱ्या दिवशी पायाला फोड आणतात.

नववीनंतर काय?

हातात असलेली वर्षं कमी आहेत. नववीची परीक्षा संपली की दहावीचे व्हेकेशन क्लास सुरू होतात आणि मे महिना क्लासवाल्यांचा होतो. सहावी ते आठवी, एवढ्याच सुट्ट्या खऱ्या मोकळ्या.

यावर एक तोडगा दिवाळीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा नेपाळमधला सर्वात चांगला मोसम, आकाश स्वच्छ, हिमशिखरं स्पष्ट. आपल्या दिवाळीच्या सुट्टीशी तो बरोबर जुळतो आणि तिथेही तेव्हा तिहारचे दिवे लागलेले असतात. घरचा फराळ आणि पाडवा सोडून जायला आजी-आजोबा तयार होतील का, हा वेगळा विषय.

दुसरा तोडगा थेट दहावीनंतरचा. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा १७ मार्चला संपली आणि निकाल १३ मे रोजी लागला. मधले आठ आठवडे पूर्ण मोकळे, आणि एप्रिलमध्ये नेपाळच्या वाटांवर लालीगुरांस फुललेला असतो. फक्त परतीचं तिकीट मेच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे नको. निकालाच्या आगेमागे अकरावी प्रवेशाची ऑनलाइन धावपळ सुरू होते आणि पून हिलवर नेटवर्क मिळेलच असं नाही.