मुक्त बाजार, बंदिस्त पशुपालक

नेब्रास्का, कॅन्सस, टेक्सास या राज्यांतील पशुपालक हा अमेरिकी स्वावलंबनाचे प्रतीक मानला जातो. स्वतःची कुरणे, स्वतःचे कळप आणि सरकारी हस्तक्षेपाविषयी उपजत तिटकारा, ही त्याची ओळख. हाच पशुपालक गेली काही वर्षे आपला बाजार मोकळा करून मिळावा म्हणून सरकारचे दार ठोठावत आहे. या विसंगतीत एका विचारसरणीचा पराभव दडलेला आहे.

कत्तलीवर उभा असलेला तेथील मांसोद्योग भारतीय मनाला रुचणारा नव्हे. पण उत्पादक आणि ग्राहक यांच्यामध्ये मूठभर कंपन्या उभ्या राहिल्या की काय घडते, याचा तो बोलका पुरावा आहे. पहिल्या महायुद्धानंतर पाच कंपन्यांच्या मक्तेदारीविरुद्ध तेथे असंतोष उसळला आणि १९२१ मध्ये तिला आवर घालणारा कायदा झाला. तो करणारे अध्यक्ष हार्डिंग डाव्या विचारांचे नव्हते, रिपब्लिकन होते. पुढे मक्तेदारीची पकड सैल झाली. १९७७ मध्ये चार मोठ्या कंपन्यांचा वाटा केवळ २५ टक्के होता.

त्यानंतर वारे फिरले. ग्राहकाला माल स्वस्त मिळतो ना, मग कंपनी कितीही मोठी होवो, हा शिकागो पंथाचा विचार रॉबर्ट बोर्क यांनी १९७८ मध्ये ग्रंथरूपाने मांडला आणि रेगन यांच्या राजवटीत तो धोरण बनला. विलीनीकरणांना ऊत आला. आज टायसन, कारगिल, जेबीएस आणि नॅशनल बीफ या चौघांच्या हाती सुमारे ८५ टक्के बाजार आहे. त्यांपैकी दोघांची सूत्रे ब्राझीलमधून हलतात.

परिणाम काय झाला? ऑगस्ट २०१९ मध्ये टायसनच्या कॅन्ससमधील एका कारखान्याला आग लागली. जनावरांचे भाव कोसळले आणि त्याच वेळी मांसाचे भाव चढले. विकणारा नागवला, विकत घेणाराही नागवला. लाभ मधल्यांचा झाला. २०२१ मध्ये बायडेन यांनी आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी या कंपन्यांकडे मोर्चा वळवला. एरवी परस्परांचे तोंड न पाहणारे दोन पक्ष येथे एकाच निष्कर्षाला आले.

भारताला हा प्रश्न नवा नाही. मुंबईला दूध पुरविण्याचा मक्ता पोल्सन या खाजगी कंपनीकडे गेला, तेव्हा गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या दूध उत्पादकांनी सरदार पटेलांच्या प्रेरणेने १९४६ मध्ये स्वतःचा सहकारी संघ स्थापन केला. त्यांनी सरकारची मालकी मागितली नाही, की व्यापाऱ्याची दया याचिली नाही. दूध आपले, तर त्यावर प्रक्रिया करणारा कारखानाही आपलाच हवा, एवढेच त्यांनी ओळखले. त्यातूनच अमूल उभे राहिले.

सरकारशाही आणि धनसत्ता यांपैकी एकीची निवड करावीच लागते, हा भ्रम आहे. बाजाराचे स्वातंत्र्य घोषणेत नसते. आपला माल दुसऱ्या दारी नेण्याची सोय उत्पादकाला आहे की नाही, यावरच ते ठरते.