डबीवरील वटवाघूळ

पनवेलकडून गोव्याच्या रस्त्यानें निघालें कीं पेण मागें टाकल्यावर वडखळास अलिबागचा फांटा फुटतो. तेथील एका स्नेह्यांकडे गेल्या गौरींच्या सणांत आमचा मुक्काम होता. हळदीकुंकवाच्या तबकांत एक रुप्याची डबी होती; झांकणावर वेळूचीं पेरें, भोंवतीं शेवंतीचीं फुलें आणि मधोमध पंख पसरलेलें वटवाघूळ. घरच्या नव्या सूनबाईंस तें फार खुपे. कुंकवाच्या डबीवर असलें अशुभ पाखरूं कशाला? डबी मोडींत घालून नवा करंडा घडवावा, असें जवळजवळ ठरलेंच होतें. सराफानें वजन करून भावही सांगितला होता.

आम्हीं डबी उलटी करून पाहिली. तळाशीं चिनी अक्षरांचा ठसा, शेजारीं इंग्रजी डब्ल्यू. एच. हीं अक्षरें व ९० हा आकडा. कँटन व हाँगकाँग येथील वांग हिंग या नामांकित पेढीची ही खूण. ९० म्हणजे शेंकडा नव्वद भाग शुद्ध रुपें. यजमानांचे पणजोबा मुंबईस चीनशीं व्यवहार करणाऱ्या एका पेढीवर कारकून होते, तेव्हां डबी येथवर कशी आली हें कोडें नव्हे.

मुंबईचा चीनशीं व्यापार त्याहूनही जुना. येथून कापूस जाई आणि, सांगावयास संकोच वाटतो, माळव्याची अफूही जाई. जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांनीं त्यांतच अमाप द्रव्य मिळविलें. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्य व्यापाऱ्यांस एकटें कँटन बंदर मोकळें होतें, आणि त्या काळचें तेथील रुप्याचें काम बहुतांशीं विलायती घडणीची नक्कल असे. पुढें बंदरें वाढलीं, तशीं भांड्यांवर चिनी चित्रें मुबलक दिसूं लागलीं.

हीं चित्रें म्हणजे नुसती वेलबुट्टी नव्हे. वेळू वाऱ्यानें वांकतो पण मोडत नाहीं, शिवाय आंतून पोकळ, म्हणजे निरहंकारी. शेवंती थंडीच्या तोंडावर फुलते, म्हणून ती दीर्घायुष्याची. वटवाघळाचें मात्र निराळें. त्याच्या चिनी नांवांत जो ‘फू’ येतो, तसाच भाग्यवाचक शब्दाचाही उच्चार होतो; लिहिण्याचीं अक्षरें वेगळीं, कानाला एकच. तेव्हां एक वटवाघूळ कोरलें कीं ‘भाग्य लाभो’ हा आशीर्वाद झाला. पांच कोरलीं तर आयुष्य, संपत्ति, आरोग्य, सदाचाराची आवड आणि पूर्ण आयुष्य भोगून येणारें मरण, अशीं पांच सुखें. माशाचा उच्चारही ‘शिल्लक’ या अर्थाच्या शब्दासारखा, म्हणून मासाही मंगल! आपल्याकडे श्लेष पंडितांच्या काव्यांत रमला. तेथें तो सोनाराच्या हातीं आला.

वाचकांपैकीं कोणाच्या फडताळांत असें भांडें असेल, तर मोडीस देण्यापूर्वीं त्याचा तळ अवश्य पाहावा.

“म्हणजे डबीवर सौभाग्यच लिहिलें आहे म्हणायचें!” सूनबाई हंसून म्हणाल्या. भाग्य आणि आपलें सौभाग्य यांत अंतर आहे, पण आम्हीं तें बोलून दाखविलें नाहीं. सासूबाईंचें मात्र पुरतें समाधान झालें नाहीं. कुंकूं त्यांनीं जुन्या पितळी करंड्यांत काढलें, आणि वटवाघळाच्या डबींत सुपारी भरून ती आमच्यापुढें ठेवली.