परका कोण, हे आधी शिकवू या

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र,
पुणे



पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम येतो आहे आणि त्याच्या चर्चेत ‘जागतिक नागरिकत्व’ हे शब्द ऐकू येऊ लागले आहेत. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. या विचाराचे मला मनापासून स्वागत करायचे आहे. तो सहा-सात वर्षांच्या मुलांपर्यंत पोचेपर्यंत त्याचा केवळ एक कार्यक्रम होऊन जाऊ नये, म्हणून हे पत्र.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जागतिक नागरिकत्वाच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे, पण तो येतो उच्च शिक्षणाच्या प्रकरणात. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेल्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी ४.७ या क्रमांकाच्या लक्ष्यात हे शिक्षण २०३० पर्यंत सर्वच विद्यार्थ्यांना मिळावे असे म्हटले आहे. मुले कॉलेजात जाईपर्यंत वाट पाहणे परवडणारे नाही. कोणाचा डबा खायचा, कोणाच्या शेजारी बसायचे नाही, कोणाची बोली ऐकून हसायचे, हे मूल अंगणवाडीतून बाहेर पडायच्या आतच शिकलेले असते. ते त्याला कोणी मुद्दाम शिकवत नाही. घरात, गल्लीत ते आपोआप कानावर पडते.

आज लहान मुलांना ‘जग’ दाखवायची रूढ पद्धत म्हणजे देशोदेशीचे पोशाख, झेंडे, आणि हातात पुठ्ठ्याचा आयफेल टॉवर. पालक भाड्याने पोशाख आणतात, मूल व्यासपीठावर एक वाक्य म्हणते, फोटो निघतात. यात मुलाच्या मनात एकच गोष्ट ठसते : ते लोक आपल्यापेक्षा वेगळे दिसतात. हे तर त्याला आधीच वाटत होते.

मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी आन-मारी वेल यांच्यासोबत जिनिव्हातल्या मुलांचा अभ्यास केला होता. तो १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. सात-आठ वर्षांच्या मुलांना आपण जिनिव्हाचे आहोत हे पक्के ठाऊक होते. पण जिनिव्हाचा माणूस त्याच वेळी स्विसही असतो, हे त्यातल्या अनेकांना पटेना. गाव, जिल्हा, राज्य, देश, जग ही एकात एक बसणारी रचना त्या वयात डोक्यात बसत नाही. म्हणजे ‘आपण सारे जगाचे नागरिक’ हे वाक्य दुसरीतले मूल पाठ करील, पण त्याला त्यातले काही उमगणार नाही. त्या अभ्यासातला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. परदेशी कोण, असे विचारल्यावर लहान मुले दुसऱ्यांकडे बोट दाखवीत. आपण त्यांच्या देशात गेलो तर तिथे परके आपण ठरू, हे त्यांच्या लक्षात येत नसे. जरा मोठी मुले मात्र ते ओळखत.

परकेपण दोन्ही बाजूंनी असते. प्राथमिक शाळेत जागतिक नागरिकत्वाचा एकच धडा द्यायचा असेल, तर तो हा असावा असे माझे मत आहे. तो शिकवायला परदेश लागत नाही.

आमच्या गावात दिवाळीनंतर ऊसतोड सुरू होते. बीडकडची कुटुंबे ट्रकने येतात, फडाजवळ कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहतात, आणि आमच्या हजेरीपटावर चार-पाच नावे वाढतात. गेल्या हंगामात दुसरीत एक मुलगी आली. कडेवर धाकटा भाऊ असायचा. तो झोपला की ती लिहायची, उठला की त्याला घेऊन व्हरांड्यात जायची. वर्गातली मुले तिच्याजवळ बसत नव्हती. कारण विचारले तर म्हणाली, “ती कोपीतली हाय, बाई.”

मी उपदेश केला नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांच्या हातात खडू दिले आणि सांगितले, आजवर सगळ्यांत लांब जिथे गेलात तिथवरचा रस्ता फरशीवर काढा. कोणाचा रस्ता जोतिबाला गेला, कोणाचा आदमापूरला, एकाचा रंकाळ्यावर संपला. हिचा रस्ता वर्गात मावेना. उंबरा ओलांडून तो व्हरांड्यात गेला. बार्शी, पंढरपूर, सांगोला, मिरज. ट्रक कुठे थांबला, रात्री कुठे चूल मांडली, भाऊ कुठे रडायला लागला, हे सगळे तिने रस्त्याकडेला काढले होते. सगळी मुले भोवती उकिडवी बसून बघत होती. एकाने विचारले, “आमी तुमच्या गावाला आलो तर?” ती म्हणाली, “मंग तुम्हाला कुणीच वळखणार नाही. मी सांगीन, हे माझ्या शाळंतले हायेत.”

दुसऱ्या दिवशी सारे बदलले, असे झाले नाही. दोन मुली आपणहून तिच्याजवळ सरकल्या. एका मुलाची आई मात्र तक्रार घेऊन आली. पण ‘कोपीतली’ हा शब्द माझ्या वर्गात पुन्हा ऐकू आला नाही. जिनिव्हातल्या लहान मुलांना जे अवघड गेले होते, ते या मुलीने एका वाक्यात सांगितले होते, कारण दरवर्षी सहा महिने ती परकी असते.

याच वाटेने दूरच्या देशांकडेही जाता येते. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातले. गेल्या पाचशे वर्षांत ते समुद्रमार्गे आपल्याकडे आले. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात असलेल्या मुलाला पृथ्वीच्या गोलावर या जागा दाखवल्या की ते डोळे मोठे करून बघते. सोलापूर-बीडकडच्या मुलांना ज्वारीवर उतरणारे भोरड्यांचे थवे ठाऊक असतात. ते पक्षी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत अंडी घालतात आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येतात. त्यांनाही दोन गावे आहेत, हे मुलांना सांगावे लागत नाही.

दूरचे असे जवळ आणण्यात नवे काही नाही, आणि महाराष्ट्राला तर मुळीच नाही. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. त्यांचा बालशिक्षणाचा विचार गिजुभाई बधेकांच्या भावनगरमध्ये आला. तिथे ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. पुढे १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या कामात आल्या, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी तेच काम सुरू झाले. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे ही साधने झाली. मुले शाळेत येत नव्हती, म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली. इटलीतल्या एका डॉक्टर बाईंचा विचार वारली पाड्यावर रुजला तो असा. जगाशी नाते जोडण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

आधी देश, मग जग, असे काही पालक म्हणतात. त्यांची काळजी मी समजू शकते. पण आपल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असलेली प्रतिज्ञा १९६२ मध्ये पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी मुळात तेलुगूत लिहिली होती, आणि ती म्हणताना आमच्या एकाही मुलाला ती दुसऱ्याची वाटत नाही. लांबचे आपले करून घेता येते, याचा अनुभव मुले रोज सकाळी घेतच असतात.

आता मागण्या. जागतिक नागरिकत्वाचा वेगळा विषय, वेगळी पुस्तिका किंवा फोटो अपलोड करायला लावणारा ‘दिन’ कृपा करून आणू नका. परिसर अभ्यास आणि भाषा यांच्या शिक्षक मार्गदर्शिकेत असे तास घ्यायला मोकळी जागा ठेवा आणि त्या तासांची माहिती भरायला लावू नका. स्थलांतरित मुलांच्या शिक्षण हमी कार्डावर मुलाला कोणती बोली येते, काय चांगले जमते, यासाठी दोन ओळी असू द्या. पुढच्या शाळेतल्या बाईंना त्या दोन ओळींचा फार उपयोग होईल. तीन ते सहा वयाची मुले अंगणवाडीत असतात आणि अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आहे. तेव्हा सेविकांनाही याच प्रशिक्षणाला बोलवा, त्यांच्यासाठी वेगळे प्रशिक्षण ठेवू नका.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांकडून हे होणार नाही, असे कोणी म्हणेल. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाइन अशा दुभंगलेल्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलते केले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला तेव्हा त्यांनी अर्धी रक्कम उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. त्यांच्या उपक्रमातली मुले वयाने मोठी होती. आम्हा पहिली-दुसरीच्या शिक्षकांना सुरुवात बीड आणि कोल्हापूरपासून करावी लागेल.

म्हणून शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. ज्या गावांतून ऊसतोडीची मुले निघतात आणि ज्या गावांत ती पोचतात, त्या शाळांच्या जोड्या लावून द्या. हंगाम सुरू होण्याआधी, दिवाळीच्या आत, दोन्हीकडच्या शिक्षकांचे दोन दिवसांचे एकत्र प्रशिक्षण घ्या. मुलांची पत्रे इकडून तिकडे जाऊ द्या, आणि मार्च-एप्रिलमध्ये मुलगी परत गेली की तिच्या गावच्या वर्गात आमच्या मुलांची पत्रे वाचली जाऊ द्या. पहिल्या प्रशिक्षणासाठी आमच्या शाळेचे वर्ग रिकामे करून द्यायला आम्ही तयार आहोत. जेवणाची व्यवस्था गावकरी करतील, त्यांच्याशी माझे बोलणे झाले आहे.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
जि. कोल्हापूर