शकुनीशी खेळायचंच असेल तर...

'पूल' या खेळाच्या नावाचा पैशाशी थेट संबंध आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असतं. 'पूल' म्हणजे सगळ्यांनी मिळून जमवलेली पैजेची रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायच्या अड्ड्यांना 'पूलरूम' म्हणत. दोन शर्यतींच्या मधला वेळ जावा म्हणून तिथे बिलियर्डची टेबलं ठेवली गेली आणि अड्ड्याचं नाव खेळाला चिकटलं. त्यामुळे 'चांगल्या खेळात जुगार शिरला' वगैरे म्हणणं म्हणजे उलटी गंगा. हा खेळ वाढलाच मुळी जुगाराच्या घरात!

तेव्हा मित्रांनो, 'जुगार : एक सामाजिक शाप' हा निबंध मी इथे लिहिणार नाही. तो आपण सगळ्यांनी दहावीत लिहून मार्क मिळवलेत. माझा मुद्दा वेगळा आहे. अमेरिकेतल्या पूल हॉलमध्ये साधा हौशी खेळाडू व्यावसायिकाशी पैसे लावून खेळतो, तेव्हा त्यालाही एक रीत असते. ती मोडणारा प्रो असो की हौशी, माझ्या मते दोघंही सारखेच दोषी.

रीत साधी आहे. सगळं आधी बोलून घ्यायचं : कोणता गेम, किती गेमपर्यंत, ब्रेक कोणाचा, बॉल कोण लावणार, रक्कम किती. पैसे पहिल्या शॉटच्या आधी बाहेर काढायचे आणि दोघांचा विश्वास असलेल्या तिसऱ्याकडे द्यायचे. खिशात दमडी नसताना खेळायला उभं राहणं हे तिथलं सगळ्यात मोठं पाप. समोरचा नेम धरून वाकलेला असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, खडू घासत त्याच्या नजरेसमोर यायचं नाही. आपण पुढे आहोत म्हणून एकदम 'चला, मला उशीर होतोय' करून सटकायचं नाही. निघायची वेळ आधीच सांगायची. आणि हरलात तर पैसे द्यायचे, हात मिळवायचा, गप्प बसायचं. 'टेबलच वाकडं होतं' हे रडगाणं घरी जाऊन गायचं.

एवढी कडक शिस्त कशासाठी? कारण इथे कोर्ट मदतीला येत नाही. आपल्याकडेही 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेल्या पैशासाठी दावा लावता येत नाही. जिथे कायदा नाही तिथे शब्द हाच कायदा. म्हणून तो पाळावा लागतो.

आता अपेक्षांचं बोलू. 'आज आपला दिवस असेल तर प्रोलाही हरवू', असं आपल्या प्रत्येकाला वाटतं. जरा गणित करू या, शेवटी आपण इंजिनिअर होणार आहोत! पूलमध्ये 'फार्गोरेट' नावाची रेटिंगची पद्धत आहे. दोघांत 100 गुणांचा फरक असला की वरचा खेळाडू सरासरी दोन गेम जिंकतो तेव्हा खालचा एक जिंकतो. 200 चा फरक असेल तर हेच प्रमाण 4 ला 1, म्हणजे प्रत्येक गेमला तुमची शक्यता फक्त 20 टक्के. 'ठीक आहे, पाचातला एक तर माझा', असं वाटेल. पण सामना आधी 7 गेम जिंकेल त्याचा असेल तर? बायनॉमियल लावून बघा. उत्तर येतं सुमारे 0.7 टक्के. हजार सामन्यांत सात! याला पैज म्हणत नाहीत, याला देणगी म्हणतात.

म्हणून प्रोकडे सवलत मागणं यात लाज काहीच नाही. उलट न मागणं हा मूर्खपणा. जुन्या काळी टेबलाच्या वर ताणलेल्या तारेवर मणी सरकवून गेम मोजत, म्हणून आधीच दिलेल्या गेमना तिकडे 'तारेवरचे गेम' म्हणतात. वरच्याच उदाहरणात प्रोला 7 आणि तुम्हाला 3 गेम हवेत असं ठरलं, तरी तुमची शक्यता 26 टक्क्यांच्या आसपासच. तुम्हाला 2 च हवेत असं ठरलं, तर ती जवळजवळ 50 टक्के होते. म्हणजे 7 पैकी 5 गेम फुकट घेतल्यावर कुठे सामना बरोबरीचा! प्रोला हे गणित पाठ असतं. तो घासाघीस करणारच, तोही त्याच्या कौशल्याचा भाग. तुम्हाला पटलं नाही तर नाही म्हणा. त्याने कोणी रागवत नाही. पण एकदा 'हो' म्हटलं की नंतर कुरकुर नको. आणि तो दया दाखवेल, मधून मधून शिकवेल ही अपेक्षा तर नकोच. त्याचं ते पोट आहे.

इथे मला महाभारत आठवतं. द्यूतात पण लावणार दुर्योधन आणि फासे टाकणार शकुनी. तिकडच्या पूल हॉलमध्येही हीच व्यवस्था असते : पैसे एकाचे, खेळणारा दुसरा, हरलं तर पैसेवाल्याचं नुकसान, जिंकलं तर वाटणी. युधिष्ठिराने याला हरकतही घेतली होती, पण तरी बसला. शकुनी किती निष्णात आहे हे माहीत असूनही ना सवलत मागितली, ना मर्यादा ठरवली. पुढचं आपल्याला ठाऊक आहेच.

पण प्रोने आपण कोण हे लपवलं तर? फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस 1985 साली अमेरिकेत आला तेव्हा ह्यूस्टनला 'सेझार मोरालेस' या नावाने खेळला, कारण त्याची कीर्ती आधीच पोचली होती. नाव कळलं असतं तर कोणी पैसे लावलेच नसते. हा किस्सा लोक फार कौतुकाने सांगतात. रेयेस महान आहेच. 1996 साली हाँगकाँगमध्ये अर्ल स्ट्रिकलंडला त्याने 120-117 असं हरवून एक लाख डॉलर जिंकले, ते स्वतःच्या नावावर, सगळ्यांसमोर. मला विचाराल तर त्याचा मोठेपणा हाँगकाँगमध्ये आहे, ह्यूस्टनमध्ये नाही. समोरच्याला शक्यतांचा हिशोबच करू न देणं ही चलाखी असेल, खेळ नव्हे.

आणि हे सगळं आपल्या कॉलेजात कशाला? कारण 'हरणाऱ्याने टेबलचे पैसे द्यायचे' इथपासून सुरू होऊन गोष्ट पुढे कुठे जाते ते आपण सगळेच बघतो. वर्षानुवर्षं क्यू धरलेला सिनियर फर्स्ट इयरच्या पोराला म्हणतो, 'अरे, मला पण नीट येत नाही रे, लावू पन्नास-पन्नास.' पहिले दोन गेम मुद्दाम सोडतो आणि मग त्या पोराच्या मेसच्या पैशावर हात मारतो. वर कट्ट्यावर फुशारकी! यात ना प्रोची हिंमत, ना पूल हॉलची रीत.

पैसे लावून खेळूच नये, हे उत्तम. पण खेळणारच असाल तर सिनियर लोकहो, आपली पातळी आधी सांगा आणि सवलत द्या. ज्युनियर लोकहो, ती मागायला लाजू नका, आणि खिशातून किती जाऊ द्यायचे ते दाराबाहेरच ठरवून आत या. पाच गेम सोडूनही जो जिंकतो, त्याला आपण सगळे मिळून चहा पाजू!